आलेख कागदापासून भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत: माहितीची मांडणी हाताने शिकण्याचे चार सराव

सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकले की दहा सेकंदांत रंगीत चार्ट समोर येतो आणि शिकणं तिथेच थांबतं. स्तंभ किती उंच, अक्ष कुठून सुरू, नावं कुठे, रंग किती, हे सगळे निर्णय परस्पर घेतले गेलेले असतात. मांडणी शिकायची तर हे निर्णय आधी आपल्या हाताखालून जायला हवेत. म्हणून खालचे पहिले तीन सराव पूर्णपणे कागदावरचे आहेत. संगणक लागतो तो थेट चौथ्यात, पोस्टर छापायला देताना.

साहित्य फार नाही. मिलिमीटरचे चौकोन असलेला ए-थ्री आलेख कागद (दुकानात नसेल तर ए-फोरचे दोन कागद चौकोन जुळवून मागून चिकटवा), थोडा ट्रेसिंग पेपर, ३० सेंटिमीटरची पट्टी, कंपास, एचबी पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरची जाड पानं. स्केचपेन तीनच घ्या: काळं, करडं आणि एखादं ठळक रंगाचं. बाराच्या डब्याला हात लावायचा नाही. रंग कमी असले की प्रत्येक रंग कशासाठी वापरतोय हे ठरवावंच लागतं.

पहिला सराव: वर्तुळं आणि पट्ट्या

२०११ च्या जनगणनेतले चार जिल्हे घ्या. ठाणे १,१०,६०,१४८, पुणे ९४,२९,४०८, मुंबई उपनगर ९३,५६,९६२, सिंधुदुर्ग ८,४९,६५१.

आधी पुणे आणि सिंधुदुर्ग या दोघांची वर्तुळं काढू. पुण्याची लोकसंख्या सिंधुदुर्गाच्या सुमारे ११.१ पट आहे. सिंधुदुर्गासाठी दीड सेंटिमीटर त्रिज्या घेतली, तर पुण्याची किती? इथे जवळपास प्रत्येक जण दीड गुणिले ११.१ करतो आणि सुमारे साडेसोळा सेंटिमीटरवर पोचतो. कंपास तेवढा उघडत नाही, आणि उघडला तरी ३३ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ २९.७ सेंटिमीटर रुंदीच्या ए-थ्री कागदावर मावत नाही. बरं झालं, कागदानेच चूक पकडली. डोळ्याला वर्तुळात त्रिज्या दिसत नाही, व्यापलेली जागा दिसते. त्रिज्या ११.१ पट केली की जागा १२३ पट होते. म्हणून आधी पटीचं वर्गमूळ काढायचं: ११.१ चं वर्गमूळ ३.३३, आणि दीड गुणिले ३.३३ म्हणजे ५ सेंटिमीटर. ही दोन वर्तुळं कॅलेंडरच्या कागदातून कापा.

विश्वास बसत नसेल तर दोन्हींवर ज्वारीचे दाणे एका थरात दाटीने पसरा आणि मोजा. मोठ्या वर्तुळावर लहानाच्या साधारण अकरापट दाणे बसतील. कडेला अर्धे दाणे बाहेर पडतात, त्यामुळे नेमकी अकरापट येणार नाही, पण १२३ पट तर नाहीच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा प्रसिद्ध आलेख काढला, त्यातल्या पाकळ्यांनाही हाच नियम लागू होतो: मोजायचं ते पाकळीचं क्षेत्रफळ, लांबी नाही.

आता आकडे न सांगता घरातल्या कुणाला तरी विचारा, "हे मोठं वर्तुळ लहानाच्या किती पट वाटतं?" उत्तर बहुधा अकरापेक्षा बरंच कमी येईल. क्षेत्रफळातला फरक डोळ्याला आहे त्यापेक्षा कमी वाटतो. म्हणजे बिनचूक काढलेलं वर्तुळसुद्धा कमीच सांगतं.

मग तेच आकडे पट्ट्यांनी मांडा. प्रमाण: २ मिलिमीटर = १ लाख. ठाणे २२१ मिलिमीटर, पुणे १८९, मुंबई उपनगर १८७, सिंधुदुर्ग १७. चारही पट्ट्या डावीकडे एकाच उभ्या रेषेपासून सुरू करा, एकाखाली एक. पुणे आणि मुंबई उपनगर यांच्या टोकांकडे नीट बघा. फरक दोन मिलिमीटरचाच आहे, पण दिसतो. हाच फरक वर्तुळात काढला तर त्रिज्या ५.०० आणि ४.९८ सेंटिमीटर येतात. पेन्सिलच्या टोकाची जाडी याहून जास्त असते.

आता पुण्याची पट्टी ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि चार सेंटिमीटर उजवीकडे सरकवून ठेवा. पुणे मोठं की उपनगर, हे आता सांगता येत नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे असाच क्रम मांडला: एका समान मोजपट्टीवरची जागा माणूस सगळ्यांत अचूक वाचतो, त्याखालोखाल लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा अगदी शेवटी. वर्तुळालेखाचे तुकडे, फुगे आणि त्रिमितीय स्तंभ पोस्टरवर उठून दिसतात, पण बारीक तुलना करायची असेल तर ते उपयोगाचे नाहीत.

चित्रं वापरायची हौस असेल तर व्हिएन्नात १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ यांनी घालून दिलेली शिस्त पाळा: जास्त संख्येसाठी चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. एक माणूस = १० लाख धरला तर ठाण्याला ११ माणसं, पुण्याला साडेनऊच्या जवळ, सिंधुदुर्गाला पूर्ण एकही नाही. माणसं एकाच ओळीत आणि समान अंतरावर काढली की ती पट्टीसारखीच वाचता येतात. अर्धवट माणूस दाखवताना मात्र डोकं कापायचं की पाय, हा विचित्र प्रश्न येतो. चित्र उभं अर्धं कापा, नाहीतर एकक बदला.

दुसरा सराव: जिल्ह्यांचा नकाशा

शाळेच्या साहित्याच्या दुकानात महाराष्ट्राचा जिल्ह्यांसह आराखडा मिळतो, तो घ्या. विषय लोकसंख्येची घनता, वर्ष २०११.

पहिली ठेच इथेच लागते. आराखड्यात ३६ जिल्हे आहेत आणि जनगणनेच्या तक्त्यात ३५. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या तक्त्यात त्याचा पत्ता नाही. तो पांढरा सोडला तर बघणाऱ्याला वाटेल तिथे कुणी राहतच नाही. मार्ग दोन आहेत. ठाणे आणि पालघर यांच्यामधली सीमा खोडून दोन्ही एकत्र रंगवा आणि खाली तशी टीप द्या. किंवा वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांचे २०११ चे आकडे बेरजेने वेगळे काढा. ती बेरीज २९,९०,११६ येते आणि उरलेल्या ठाण्यात ८०,७०,०३२ राहतात. ही दोन्ही मिळून जुन्या ठाण्याची १,१०,६०,१४८ होतात का, हे लगेच ताडून बघा. घनतेसाठी क्षेत्रफळही तसंच तालुकावार वेगळं करावं लागतं, हे विसरू नका.

पुढे संगणकावर हाच नकाशा करताना दुसरी ठेच नावांची. तक्त्यात अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद. नव्या नकाशात अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. नावावरून तक्ता आणि नकाशा यांची जोडणी केली की हे तीन जिल्हे गुपचूप गळतात, आणि इंग्रजी स्पेलिंगमधल्या फरकांनी आणखी काही. नावाऐवजी जनगणनेचा जिल्हा-क्रमांक वापरा. २०११ साठी महाराष्ट्राचे क्रमांक ४९७ ते ५३१ आहेत. जोडणी झाल्यावर ओळी मोजा. ३५ आल्याच पाहिजेत.

आता रंगवणं. घनता गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ आहे आणि मुंबई उपनगरात सुमारे २१ हजार. शून्य ते २१ हजार याचे पाच समान भाग केले तर प्रत्येक गट ४,२०० चा होतो. मुंबईचे दोन जिल्हे सगळ्यांत गडद, आणि ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे बाकी ३३ जिल्हे एकाच फिक्या रंगात. एवढी मेहनत करून नकाशा "मुंबईत गर्दी आहे" एवढंच सांगतो, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याऐवजी ३५ जिल्हे घनतेच्या क्रमाने उतरवून काढा आणि सात-सातचे पाच गट पाडा. एकाच रंगाच्या पाच छटा वापरा, फिक्यापासून गडद. आता कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांच्यातला फरक उमटू लागतो. या पद्धतीचंही एक उणं आहे: सगळ्यांत वरच्या गटात मुंबई उपनगराशेजारी ११०० च्या आसपासचं ठाणंही येऊन बसतं. म्हणून वरच्या गटातल्या दोन-तीन जिल्ह्यांवर आकडा थेट लिहा. गट कुठे तोडायचे हा निर्णय नकाशा काढणाऱ्याचा असतो आणि नकाशाचा अर्थ त्यावरच ठरतो. म्हणून सूचीत गटांच्या सीमा आकड्यांत द्या. नुसतं "कमी, मध्यम, जास्त" लिहिलं तर तो निर्णय लपवल्यासारखं होतं.

घनतेऐवजी नुसती लोकसंख्या रंगवण्याचा मोह टाळा. आकाराने मोठा जिल्हा गडद झाला की तो दुप्पट महत्त्वाचा वाटतो. छटा टक्केवारीला, घनतेला, दराला द्यावी. नुसत्या संख्येसाठी वर्तुळं आहेत, आणि त्यांचं वर्गमूळ आता येतंच.

झालेल्या नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. पाच छटा पाच दिसल्या तर ठीक. चारच दिसल्या तर मधली छटा बदला.

तिसरा सराव: मुंबई–पुणे गाड्यांचा आलेख

वेळापत्रक हा नुसता आकड्यांचा ढीग वाटतो, पण त्यात आकार दडलेला असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पॅरिस–ल्यों मार्गाच्या गाड्या तिरप्या रेषांनी मांडल्या गेल्या. रेल्वेत नियंत्रण कक्षातली माणसं आजही अशाच आलेखावर गाड्या वाचतात.

ए-थ्री कागद आडवा धरा. उभ्या अक्षावर अंतर, १ मिलिमीटर = १ किलोमीटर: खाली मुंबई ०, दादर ९, कल्याण ५४, कर्जत १००, लोणावळा १२८, पुणे १९२. स्थानकं समान अंतरावर मांडायची नाहीत, खऱ्या अंतराने मांडायची. सारी गंमत त्यातच आहे. आडव्या अक्षावर पहाटे ५ ते रात्री ११, तासाला २० मिलिमीटर, म्हणजे एकूण ३६० मिलिमीटर. एक मिनिट मिलिमीटरच्या एक तृतीयांश झालं, त्यामुळे दोन-तीन मिनिटांपलीकडे अचूकता मिळणार नाही. या कामाला तेवढी पुरते.

रेल्वेच्या चालू वेळापत्रकातून मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या आठ-दहा गाड्या निवडा. प्रत्येक स्थानकाची वेळ ठिपक्याने मांडा, ठिपके पट्टीने जोडा. थांबा म्हणजे आडवा तुकडा. परतीच्या गाड्या दुसऱ्या रंगाने, वरून खाली.

पाचवी-सहावी रेष होईपर्यंत एक गोष्ट नजरेत भरते. कल्याणपर्यंत रेषा चढ्या असतात आणि कर्जत–लोणावळ्याच्या २८ किलोमीटरांत सगळ्या एकदम आडव्या पडतात. तो भोर घाट आहे. ३७ मीटरला १ मीटर इतका चढ, आणि वर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्याचा थांबाही आलेखात लहानसा आडवा तुकडा होऊन येतो. तक्त्यात हा घाट कुणाला दिसत नाही, रेषेत तो झाकता येत नाही. दोन रंगांच्या रेषा जिथे छेदतात तिथे दोन गाड्या एकमेकींना भेटतात. रेषांच्या मधली रुंद मोकळी जागा म्हणजे स्थानकावर ताटकळण्याची वेळ.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दहा गाड्यांना दहा रंग. रंग दिशेसाठी ठेवा. एखादीच गाडी दाखवायची असेल, समजा डेक्कन क्वीन, तर ती ठळक रंगात आणि बाकी सगळ्या करड्या. नावं सूचीत न टाकता रेषेच्या टोकालाच लिहा. सूची आली की डोळ्याला प्रत्येक रेषेमागे दोन खेपा माराव्या लागतात.

चौथा सराव: घरच्या वीजबिलाचं पोस्टर

पोस्टरसाठी दूरचा विषय घेऊ नका. ज्या आकड्यांबद्दल शंका आली तर उठून तपासता येईल असेच आकडे घ्या. बारा महिन्यांची वीजबिलं उत्तम.

बिलाच्या महिन्यावर जाऊ नका. मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा आणि मधले दिवस मोजा, कारण ते दर महिन्याला सारखे नसतात. ३५ दिवसांत ३१० युनिट म्हणजे रोज ८.९ होतात आणि २८ दिवसांत २८० म्हणजे रोज १०. बिलावर पहिलं मोठं दिसतं, वापर दुसऱ्यात जास्त आहे. सगळे महिने "रोजचे युनिट" करून घ्या. मीटर वाचता न आल्यामुळे सरासरीने आलेलं बिल असेल तर तो स्तंभ भरीव न काढता पोकळ काढा आणि तसं लिहा.

तक्ता संगणकात भरताना अंक इंग्रजी ठेवा. देवनागरीत टाकलेले अंक स्प्रेडशीट सहसा मजकूर समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं. देवनागरी अंक पोस्टरवर द्या, पण मग सगळीकडे द्या. अक्षावर इंग्रजी आणि मजकुरात देवनागरी अशी सरमिसळ वाचणाऱ्याला अडखळवते. मोठे आकडे असतील तर स्वल्पविराम लाख-कोटींचे आहेत का तेही बघा, सॉफ्टवेअर बहुतेकदा हजार-दशलक्षांचे टाकतं.

आता पोस्टरचं एक वाक्य लिहा. "आमच्या घराचा वीजवापर" हे वाक्य नव्हे, नुसता विषय झाला. "एप्रिल आणि मे हे दोनच महिने आम्हाला तीनशे युनिटांच्या पलीकडे नेतात" हे वाक्य आहे, आणि तेच शीर्षक. घरगुती दरांचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात, म्हणून महिना ३० दिवसांचा धरून रोज ३.३ आणि रोज १० युनिटांवर दोन बारीक आडव्या रेषा मारा. वाक्याला आधार त्या रेषांचा आहे. वाक्य जमत नसेल तर आकडे पुन्हा बघा. चित्राने ती उणीव भरून निघत नाही.

संगणकाकडे जाण्याआधी कोऱ्या कागदावर काडेपेटीएवढे वीस चौकोन आखा आणि वीस वेगवेगळ्या मांडण्या काढा, प्रत्येकीला एक मिनिट. पहिल्या पाच-सहा सगळ्यांच्या सारख्याच असतात. खरी मांडणी बहुधा दहाव्यानंतर सापडते.

मापं अशी. ए-टू कागद उभा, ४२० बाय ५९४ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटर समास सोडला की ३६० उरतात, बारा महिन्यांना प्रत्येकी ३०: स्तंभ २० चा, फट १० ची. रोजचा एक युनिट २० मिलिमीटर धरला तर रोज १२ युनिटांचा महिना २४० मिलिमीटर उंच होतो. वर शीर्षकाला १२० मिलिमीटर, खाली टिपा आणि आकड्यांचा आधार. स्तंभ शून्यापासूनच सुरू करा. १९० आणि २१० हे आकडे १८० पासून सुरू केले तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो, आणि खरा फरक १० टक्क्यांच्या आसपास आहे. रेषेच्या आलेखात अक्ष वरून सुरू केला तर एक वेळ चालतं. स्तंभाची उंची हीच त्याची किंमत असल्यामुळे तिथे चालत नाही.

दोन मीटरवरून वाचायच्या शीर्षकाचं अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत निदान १० मिलिमीटर हवं. देवनागरीत त्यासाठी फॉन्टाप्रमाणे साधारण ४५ ते ५५ पॉइंट लागतात. एक ओळ छापून पट्टीने मोजा, पडद्यावर ठरवू नका. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.४ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षरं सुटी करून पसरवू नका, शिरोरेषा तुटते. मुक्ता, बालू आणि तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत आहेत. अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, मराठी वळण निवडता येतं का ते बघा.

पोस्टर मांडायच्या सॉफ्टवेअरपैकी इंकस्केपमध्ये देवनागरी नीट बसते. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. तो नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. युनिकोडातला मजकूर छपाईवाल्याच्या जुन्या कोरल ड्रॉमध्ये थेट उघडला तरी हेच होतं, म्हणून फाइल कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकारांत रूपांतर करून) पीडीएफमध्येच द्या. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त होत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवा. चित्र म्हणूनच द्यायचं असेल तर ए-टूसाठी ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल लागतात. मोबाइलवर फॉरवर्ड केलेली जेपीजी छापली की अक्षरांच्या कडा धुरकट येतात.

छपाईला देण्याआधी पोस्टरची ए-फोर प्रत काढून तीन जणांना दाखवा, शक्यतो बिल न भरणाऱ्यांना. पाच सेकंद दाखवा, पालथी घाला, "काय दिसलं?" विचारा. "विजेचं काहीतरी" असं उत्तर आलं तर शीर्षक आणि ठळक रंग एकमेकांशी बोलत नाहीत: एप्रिल-मेचे स्तंभच रंगीत आणि बाकी दहा करडे आहेत ना, ते बघा. मग प्रत परत द्या आणि तीन प्रश्न विचारा: सगळ्यांत कमी वापर कधी, तीनशेची रेष कोणती, पोकळ स्तंभ का? समजावून सांगू नका, नुसतं ऐका. जिथे दोघं चुकले तिथलं लेबल बदला.

छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा, रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदला आणि बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिळून केलेला काळा थोडा जरी सरकला तरी अक्षरांना रंगीत सावली येते. फ्लेक्सवर एक पॉइंटापेक्षा बारीक रेषा वापरू नका, दरांच्या टप्प्यांच्या रेषा नेमक्या तिथेच नाहीशा होतात. शक्य असेल तर १७० जीएसएमचा (चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या आणि लॅमिनेशन मॅट करा. खिडकीसमोर लावलेल्या चकचकीत पोस्टरवर दुपारी फक्त खिडकी दिसते.